आमची वाटचाल : एकशे चाळीस हलक्या रॅकेट आणि शिशाची पट्टी

दुकानाच्या पाटीवर ‘टेनिस रॅकेट विक्री व गटिंग’ असं लिहिलंय. गटिंग म्हणजे रॅकेटला तार भरणं. त्यातला ‘विक्री’ हा शब्द पुसायला मी एकदा ब्रश घेऊन स्टुलावर चढलो होतो. डबा उघडला तर रंग वाळून दगड झालेला, म्हणून तो शब्द वाचला. मुलगी म्हणते, बाबा, वाटचाल लिहा, पण दीड पानात. १९ वर्षं दीड पानात बसतील, पण ती १४० रॅकेटची भानगड बसायची नाही. तेव्हा ती आधी सांगतो.

सुरुवात दोघांनी केली. मी दुसऱ्याच्या दुकानात सहा वर्षं गटिंग केलेला, आणि मास्तर. ते शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे आणि लाकडी रॅकेटवर टेनिस शिकलेले. चारशे ग्रॅमच्या घरातली, जेमतेम ६५ चौरस इंचाची ती रॅकेट त्यांनी आमच्या भिंतीवर टांगली होती. गिऱ्हाइकानं ‘जरा जड वाटते’ म्हटलं की तिच्याकडे बोट दाखवायचे.

भांडवल म्हणजे हँडलचं एक जुनं मशीन. हँडल फिरवा, ठरलेल्या ओढीला ते ‘टक्’ करून अडकतं. आता ज्यांनी या मशीनवर काम केलंय त्यांना माहीत आहे की अडकल्यावर तार सैलावते. काटा २५ किलो दाखवतो, पण रॅकेटमध्ये २५ राहत नाहीत. मास्तर दर सोमवारी स्प्रिंगकाटा लावून मशीन तपासायचे आणि खडूनं त्याच्या पायावर तारीख टाकायचे. क्लॅम्पचे, म्हणजे तार धरून ठेवणाऱ्या चिमट्याचे, दात स्पिरिट आणि जुन्या टूथब्रशनं साफ व्हायचे, कारण दाताला मेण बसलं की तार सरकते आणि मग आपण तिला जास्त आवळून चिरडतो. आरीचं टोक आम्ही दगडावर घासून मुद्दाम बोथट केलेलं. टोकदार आरी भरलेल्या भोकात घातली की आतल्या तारेला चरा पडतो आणि ती तिसऱ्या दिवशी तुटते. ती आरी अजून माझ्या हाताखाली आहे. मूठ दोनदा बदलली.

पण मास्तरांचं खरं हत्यार म्हणजे भिंतीतला खिळा. रॅकेटच्या डोक्याची आतली कड त्या खिळ्यावर अडकवायची, मूठ खाली लोंबती. हलका धक्का द्यायचा आणि दहा झोक्यांना किती सेकंद लागतात ते स्टॉपवॉचवर मोजायचं. साधारण चौदाच्या आसपास येतात. असं तीनदा करायचं. मग वजनकाट्यावर वजन, लाकडी पट्टीवर बॅलन्स (मुठीच्या टोकापासून किती अंतरावर रॅकेट तोलून राहते ते), आणि वहीत गणित. त्यातून निघतो तो स्विंगवेट, म्हणजे फिरवताना रॅकेट हाताला किती जड लागते तो आकडा. मुठीच्या टोकापासून १० सेंमीवरचा आस धरून तो काढतात. आज याची तयार यंत्रं मिळतात. आमचा खिळा अजून जागेवर आहे.

समोर दुसरं दुकान आलं तेव्हा हलक्या रॅकेटची हवा होती. त्यांनी दारातच आकड्याचा काटा टांगला. आईबाप मुलाची जुनी रॅकेट घेऊन आले की ती काट्याला लावायची, ३०० ग्रॅम. मग आपली लावायची, २५०. आणि वाक्य ठरलेलं : ‘एवढं ओझं देऊन पोराचा हात मोडायचाय का?’ हे वाक्य माझ्या गिऱ्हाइकांनी मला येऊन सांगितलंय, त्यामुळे ऐकीव म्हणून सोडून देता येत नाही.

मास्तरांनी त्यांच्याकडची एक रॅकेट मागवून खिळ्याला लावली. तार भरून २६६ ग्रॅम, पण बॅलन्स ३६ सेंमी. सगळं वजन डोक्यात. आमच्याकडे त्याच वजनाची एक होती, तिचा बॅलन्स साडेतेहतीस. स्विंगवेट एकीचा ३०५, दुसरीचा २७५ च्या अलीकडे. काट्यावर दोघी बहिणी, पण हातात घेतली की एक तीस आकड्यांनी जड. म्हणजे ज्या पोराचा हात वाचवायला ती घेतली, त्याला ती फिरवायला जुन्या ३०० ग्रॅमच्या, मुठीकडे वजन असलेल्या रॅकेटइतकीच जड जात होती. वर मुठीत वजन नाही, त्यामुळे चेंडूचा हिसका मनगटात.

हे कळल्यावर शहाण्या माणसानं काय केलं असतं? गिऱ्हाइकांना खिळा दाखवला असता. मी काय केलं? खरोखर हलकी, डोकं हलकं असलेली रॅकेट शोधली आणि एकदम १४० मागवल्या, कर्ज काढून. समोरच्याला दाखवायचं होतं की हलकी म्हणजे काय. मास्तर एवढंच म्हणाले, ‘या कुणासाठी?’ मी म्हटलं, ‘सगळ्यांसाठी.’ त्यावर ते काही बोलले नाहीत. महिन्याभरानं त्यांनी आपला वाटा काढून घेतला आणि मुलाकडे राहायला गेले. भांडण झालं नाही. वही मात्र इथंच ठेवून गेले.

पहिला मोसम सुरेख गेला, हे मान्य करायलाच हवं. दहा-अकरा वर्षांची पोरं त्या रॅकेटनं बहरली. हिरव्या ठिपक्याचा चेंडू साध्या पिवळ्यापेक्षा सुमारे २५ टक्के संथ असतो. तो समोरून दमानं येतो आणि हलकी रॅकेट वेळेत मागे जाते, वेळेत पुढे येते. जी पोरं जड रॅकेटनं उशिरा पोचून चेंडू अंगाजवळ मारत होती, ती पुढे गाठायला लागली. नेटवर हात पटकन फिरतो. सर्व्हिसला खांदा दमत नाही, त्यामुळे पन्नासाव्या सर्व्हिसलाही हात पूर्ण वर जातो. रॅकेट खालून वर घासत नेऊन टॉपस्पिन काढायची ओळख अशाच रॅकेटवर होते, कारण मूल चूक करून पुन्हा करू शकतं. हलक्या रॅकेटला नावं ठेवणाऱ्यांनी हे सगळं आधी बघावं. नव्या शिकाऊ मुलाच्या हातात तिच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही.

बोंब झाली ती मोठ्या मुलांत. तेरा-चौदाची पोरं, पूर्ण पिवळा चेंडू, समोर जोरात मारणारा कुणीतरी. चेंडूचं वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम, त्यात वेग. रॅकेटमध्येच जीव नसेल तर चेंडू तिला मागे ढकलतो. मधोमध लागला तरी परतीचा चेंडू आखूड पडतो, आणि कडेला लागला तर रॅकेट मुठीत वळते. मग मूल काय करतं? मूठ आवळतं आणि उरलेला जोर मनगटानं काढतं. फटका मारायचं सोडून झटका द्यायला लागतं. दिसायला वेग दिसतो, पण एक चेंडू बेसलाइनवर आणि पुढचा कुंपणावर. रिटर्नला नुसती रॅकेट आडवी धरून भागत नाही. सहा महिन्यांत अशी सवय बसते की ती काढायला दोन वर्षं जातात. त्यात मी हौसेनं त्यातल्या बऱ्याच रॅकेटना पॉलिएस्टर तार २६ किलोला भरून दिलेली, कारण पोरांनी टीव्हीवर तीच बघितलेली. हलकी, कडक फ्रेम आणि वर कडक तार. कोपर धरून आलेली तीन पोरं मला आजही दिसतात.

ज्या अकादमीचं महिन्याचं चाळीसएक रॅकेटचं गटिंग आमच्याकडे होतं, तिथल्या सरांनी एके दिवशी सगळ्यांसमोर सुनावलं, ‘तुमच्या रॅकेटनं माझी पोरं माश्या मारल्यासारखी मारायला लागली.’ बरोबर बोलले. चूक माझी होती. पण मग ते काम कुणाला दिलं? समोरच्याला! ज्यानं डोक्यात वजन भरलेल्या रॅकेट खपवल्या, त्याला. माझ्या पोरांनी निदान कोपर धरलं, त्याची खांदा धरून येत होती. हे मी त्या सरांना सांगायला गेलो नाही, आणि अजूनही ते घशाशी अडकलेलं आहे.

९० रॅकेट पडून. कर्जाचे हप्ते चालू. नुकतं घेतलेलं इलेक्ट्रॉनिक मशीन विकलं आणि पुन्हा हँडलच्या मशीनवर आलो. पाटी पुसायला स्टूल काढलं ते याच आठवड्यात.

आणि एक ताई आल्या. मुलगी तेरा वर्षांची. हातात आमचीच रॅकेट. मी पैसे परत करायची तयारी ठेवूनच उभा राहिलो. त्या म्हणाल्या, ‘परत नाही करायची. हिला हीच आवडते. पण चेंडू हिला ढकलतो म्हणते. काही करता येईल का हिचं?’

‘हिचं’ म्हणजे मुलीचं की रॅकेटचं, मला कळलं नाही. मास्तरांची वही काढली. तार काढून मऊ मल्टिफिलामेंट, म्हणजे बारीक धाग्यांची तार, भरली, ओढ २६ वरून २२ किलोवर आणली. मग शिशाची पट्टी. आमच्याकडच्या रोलची १० सेंमी पट्टी २ ग्रॅम भरते. तिचे पाच-पाच सेंटीमीटरचे दोन थर करून डोक्याच्या दोन्ही बाजूंना, घड्याळाच्या तीन आणि नऊवर, आतल्या कडेला बसवले, म्हणजे प्रत्येक बाजूला २ ग्रॅम. कडेला वजन गेलं की रॅकेट मुठीत कमी वळते. मग मुठीची ग्रिप सोडली आणि खाली ८ ग्रॅम गुंडाळले. मुठीतलं वजन आसाजवळ असतं, त्यानं स्विंगवेट जवळजवळ हलत नाही, पण हाताला बसणारा हिसका कमी होतो. रॅकेट २७८ ग्रॅम झाली, बॅलन्स अर्धा सेंटीमीटर मुठीकडे सरकला, स्विंगवेट जेमतेम सातनं वाढला. मुलीनं दुकानातच दोनदा फिरवली आणि म्हणाली, ‘जड नाही झाली.’ तेच हवं होतं.

दोन आठवड्यांनी ताई परत आल्या. रिटर्न आत पडतोय म्हणे, अजून थोडं घाला. मी नाही म्हटलं. तीन महिने थांबा. पुढच्या वेळी दोन ग्रॅम डोक्याच्या टोकाला, बारावर. टोक आसापासून लांब, म्हणून तिथले दोनच ग्रॅम कडेच्या चारांइतके भारी पडतात. असं करत करत दीड वर्षात तीच रॅकेट तिच्याबरोबर वाढली. त्या ताईंनी माझ्याकडे अकरा मुलं पाठवली, आणि पडलेल्या नव्वदांपैकी प्रत्येक रॅकेट पोराच्या हाताप्रमाणे वजन बसवून गेली. हलकी रॅकेट ही पायरी आहे, तिच्यावर घर बांधायचं नसतं, हे मास्तरांनी ‘या कुणासाठी?’ या दोन शब्दांत विचारलं होतं. मला कळायला कर्ज लागलं.

त्यानंतर नऊ वर्षं नीट चाललं. इलेक्ट्रॉनिक मशीन पुन्हा आलं.

आता कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. ‘दोन वर्षं पुढे चालेल’ म्हणून दहा वर्षांच्या मुलाला २७ इंची घेऊ नका. २५ आणि २६ इंचाच्या रॅकेट उगाच बनवत नाहीत. तारांत अडकवायच्या रबरी बटणानं फक्त आवाज बदलतो, कोपर वाचत नाही. लहान मुलाला पॉलिएस्टर भरून देणाऱ्याला आधी विचारा की तो स्वतःच्या मुलाला भरतो का. एक ओव्हरग्रिपसुद्धा पाचएक ग्रॅमची असते, म्हणून तीनावर चौथी गुंडाळून ‘हल्ली बॅलन्स बदललाय’ म्हणू नका. शिसं विषारी आहे, लावल्यावर हात धुवा, वर साधी टेप मारा. आणि रॅकेट हलकी की जड हे काट्यावर ठरवू नका, चार बास्केट चेंडू खेळल्यावर शेवटच्या बास्केटला हात कुठे येतो ते बघा.

समोरचं दुकान आता बुटांचं आहे. मी काही म्हणत नाही.

गेल्या महिन्यात त्या ताई आल्या. मुलगी आता ३०० ग्रॅमच्या फ्रेमवर खेळते. जुनी रॅकेट धाकट्यासाठी आणली होती, तो अकरा वर्षांचा, नुकताच पिवळ्या चेंडूवर आलेला. म्हणाल्या, ‘पहिली होती तशी करून द्या.’ मी पट्ट्या सोलायला बसलो. टोकावरचे थर आधी निघाले, मग कडेचे. गोंद चिकटून राहिला होता, तो स्पिरिटनं पुसला. ग्रिपखालचं शिसं हाताच्या घामानं काळं पडलं होतं आणि मुठीचा आकार घेऊन बसलं होतं. तार बदलली, काट्यावर ठेवली, २६६. खिळ्याला लावली, दहा झोके, तीनदा.

वहीच्या पानाचा फोटो मास्तरांना पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं : ‘बॅलन्स लिहायचा राहिला.’