उल्का पडली म्हणजे खड्डा पडलाच असं नाही

आभाळात जाळ दिसला, मागून धडाम आवाज आला, की दुसऱ्या दिवशी गावातली पोरं वावरात खड्डा शोधत हिंडतात. बहुतेक वेळा तो सापडत नाही. कारण दगडाचा निकाल वर, ३० किलोमीटरवरच लागलेला असतो.

दगड सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगानं वातावरणात शिरतो. त्याच्यावरचा दाब म्हणजे हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग. ३० किलोमीटर उंचीवर एका घनमीटरात हवा जेमतेम १८ ग्रॅम. तरी वेग सेकंदाला २० किलोमीटर असेल, तर दाब आपल्या इथल्या हवेच्या ७० पट होतो. अखंड दगड एवढं सहज सोसेल, पण अवकाशातल्या टकरींनी तो आधीच चिरलेला असतो. चिरांवरून फुटला की हवेला भिडणारं अंग वाढतं, तुकडे पुन्हा फुटतात आणि एकदोन सेकंदांत सगळी ऊर्जा हवेतच मोकळी होते. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटरचा दगड असाच फुटला. काचा फुटून सुमारे दीड हजार लोक जखमी झाले, आणि सगळ्यात मोठ्या तुकड्यानं गोठलेल्या तलावाच्या बर्फाला ८ मीटरचं भोक पाडलं, बस.

उरलेले लहान तुकडे १५-२० किलोमीटरवर विझतात आणि पुढे नुसते पडतात, ताशी दोनतीनशे किलोमीटरनं. ओल्या काळ्या मातीत वीतभर रुततील, मुरमावर फुटतील. वितळलेला थर वरच उडून गेल्यानं ते तापलेलेही नसतात. कडब्याची गंजी पेटली असेल तर कारण दुसरं शोधा. विखुरण लांबट पट्ट्यात होते: जड तुकडे उल्केच्या दिशेनं पुढे, हलके मागे. शोध त्या रेषेवरच घ्यावा.

मग लोणार कसं झालं? तो गोळा इतका मोठा होता की हवा त्याला अडवू शकली नाही. विवर साधारण आदळणाऱ्या वस्तूच्या दहा-वीस पट होतं. लोणारचा व्यास १.८ किलोमीटर, त्यावरून अंदाज बांधा. खड्डा ठोकरीनं नाही, धक्कालहरीनं खणला जातो, म्हणून तिरपा मार बसला तरी विवर गोलच. काठावर बेसॉल्टचे, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या पाषाणाचे थर उलटे पडलेत, खालचा वर आणि वरचा खाली. विवर ज्वालामुखीचं की उल्केचं, हा वाद मिटवला तो १९७० च्या दशकातल्या बोअरनं: गाळाखाली चुरा झालेला बेसॉल्ट आणि त्यात फेल्डस्पार हे खनिज, आदळण्याच्या धक्क्यानं न वितळताच काच झालेलं. वयाचा वाद मात्र चालूच, कुणी ५२ हजार वर्षं म्हणतं, कुणी ५ लाख ७० हजार.

आता वावरातला काळा दगड. आपल्याकडचा बेसॉल्टही चुंबकाला थोडा ओढला जातो, तेव्हा चुंबकावर भरवसा नको. शिवाय चुंबक लावल्यानं उल्कापाषाणातली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते. धुऱ्यावरच्या दगडात बुडबुड्यांची भोकं असतील तर सोडून द्या. पातळ, मिलिमीटरहून कमी काळी साल आणि आत फिकट राखी गर दिसला तर जागेचा फोटो काढा. दगड धुऊ नका, कोरड्या स्वच्छ पिशवीत ठेवा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा.