वॉरिक विद्यापीठ वॉरिकमध्ये नाही

आधी हेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल. इंग्लंडमधल्या वॉरिक युनिव्हर्सिटीचा ओपन डे (प्रवेशाआधी विद्यापीठ बघायचा दिवस) गाठायला निघाला असाल तर वॉरिक गावात हॉटेल घेऊ नका. विद्यापीठ कॉव्हेंट्रीच्या वेशीवर आहे. १९६५ साली ते सुरू झालं तेव्हा कॉव्हेंट्री शहर आणि वॉरिकशायर परगणा या दोघांनी मिळून जमीन दिली होती. नाव कुणाचं द्यायचं यावर घोळ झाला आणि शेवटी 'वॉरिक' ठरलं. वॉरिक गाव तिथून १३ किलोमीटरवर. हे ज्ञान मला शनिवारी सकाळी पावणेनऊला, टोस्टला लोणी लावताना झालं. दहाला विभागाचं व्याख्यान होतं.

लेकीला थिएटर आणि इंग्लिश अशी जोडपदवी करायची आहे. त्यासाठी सप्टेंबर-ऑक्टोबरात आम्ही दोघी घरून, म्हणजे रीडिंगहून, चार विद्यापीठं पालथी घालून आलो: ब्रिस्टल, वॉरिक, एक्सेटर आणि रॉयल हॉलोवे.

तर वॉरिकच्या हॉटेलातून टॅक्सी केली. रिसेप्शनवरच्या बाईंनी फोन लावून दिला, "साधारण २५ पौंड होतील" म्हणाल्या. मीटर चालू आहे का ते मी बघितलं नाही. पुण्यात वाढलेल्या बाईने रिक्षाचा मीटर बघायचं विसरावं, एवढी घाई होती. कॅम्पसच्या तोंडाशी गाड्यांची ही रांग. लेक म्हणाली, "आई, उतरून चालू या का?" मी म्हटलं, "बस गं, आलंच." उतरताना ४८ पौंड. का, तर "आज ओपन डे आहे ना." वाद घातला असता, पण दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

परत येताना कॅम्पसवरून बस पकडून कॉव्हेंट्री स्टेशन गाठलं. दोघींचे मिळून सहा पौंडसुद्धा लागले नाहीत. रीडिंगहून कॉव्हेंट्रीला थेट गाडी आहे. आदल्या दिवशी आम्ही त्याच मार्गावर लेमिंग्टन स्पाला उतरून, गाडी बदलून, हौसेने वॉरिकला गेलो होतो. लेमिंग्टनमध्ये तर याच विद्यापीठाची कितीतरी मुलं भाड्याने राहतात आणि रोज बसने कॅम्पसला जातात. म्हणजे बरोबर गावात उतरून, पैसे खर्चून, चुकीच्या गावात गेलो. वॉरिकचा किल्ला छान आहे म्हणतात. बघितला नाही.

व्याख्यान हुकलं, तरी दुपारी विभागातल्या मुलांशी बोलायला मिळालं आणि तेच जास्त कामाचं निघालं. वॉरिक आर्ट्स सेंटर कॅम्पसच्या आतच आहे. बाहेरच्या नाटक कंपन्या तिथे प्रयोग करतात, वर्गातून उठून चालत नाटकाला जाता येतं. शेक्सपिअरचं स्ट्रॅटफर्डही जवळ. पण संध्याकाळी शहरात चक्कर मारू म्हणाल तर पुन्हा बस. ज्याला कॅम्पसवर कोंडल्यासारखं होतं त्याने इथे येऊ नये.

ब्रिस्टलला गाव चुकायची सोय नाही, पण पाय हवेत. टेंपल मीड्स स्टेशनपासून विद्यापीठ अडीचेक किलोमीटर, आणि शेवटी पार्क स्ट्रीटचा चढ. पर्वती नव्हे, पण पावसात छत्री उलटी होत असताना पर्वतीच वाटते. सपाट तळाच्या नाजूक चपला घालून आलेल्या एक काकू अर्ध्यात थांबल्या होत्या. इथला नाट्यविभाग १९४७ चा, ब्रिटनमधल्या विद्यापीठांतला पहिला. नाटककार हॅरोल्ड पिंटरचं पहिलं नाटक १९५७ साली याच विभागात झालं. तिथे शिकणाऱ्या मित्राने मागितलं आणि पिंटरने काही दिवसांत लिहून दिलं. नाटककार सारा केन इथेच शिकली. गावात १७६६ पासूनचं ब्रिस्टल ओल्ड विक थिएटर आहे. नाटकवेड्या पोराला एक गाव द्यायचं तर मी हेच देईन. राहण्याचा खर्च मात्र आधी बघून घ्या, घरभाडी चढी आहेत.

रॉयल हॉलोवे लंडन विद्यापीठाचं, पण आहे एगममध्ये, सरे परगण्यात. वॉटर्लूहून गाडीने पाऊण तासाच्या आसपास. १८८६ सालची लाल विटांची मुख्य इमारत राजवाड्यासारखी आहे, लेक फोटो काढत सुटली. "लंडनमध्ये शिकते" असं आजीला सांगायचं असेल तर ठीक. रोज रात्री लंडनला नाटक बघून परतायचं असेल तर घड्याळावर एक डोळा ठेवावा लागेल. एक्सेटरला सगळं वेळेवर झालं, ऊन होतं, डोंगरावरचा कॅम्पस देखणा आहे. त्यामुळे लिहिण्यासारखं काही नाही.

आता ऐका. माहितीपुस्तिकेतले फोटो बघू नका, तालमीच्या खोलीची जमीन बघा. एका ठिकाणी (नाव नको) स्टुडिओ इतका चकाचक होता की तिथे महिनाभर कुणी घाम गाळला असेल असं वाटेना. दुसरीकडे काळ्या लाकडी जमिनीवर चिकटपट्ट्यांचे पिवळे, निळे, पांढरे चौकोन एकमेकांवर चढलेले. तीन नाटकांचे तीन नेपथ्याचे नकाशे. कोपऱ्यात एक मुलगी गुडघ्यावर बसून नखाने जुनी पट्टी खरवडत होती. लेक तिच्याशेजारी जाऊन बसली आणि ती दुसऱ्या टोकापासून खरवडायला लागली. आम्ही पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी बाकं भिंतीला लावून खडूने रेघा मारून केल्या, त्यामुळे मला ते लगेच ओळखीचं वाटलं.

आणि विचारायचा प्रश्न एकच: दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी प्रात्यक्षिकाचे विषय मागेल त्याला मिळतात का? एका प्राध्यापकांनी "बहुधा" म्हणण्याआधी जेवढा वेळ घेतला, त्यात मला उत्तर मिळालं. जोडपदवीत दोन विभागांची वेळापत्रकं आदळतात, तेही मुलांनाच विचारा, स्टेजवरच्यांना नको. आणि या पदव्या म्हणजे नटाची शाळा नव्हे. अभिनयच शिकायचा असेल तर ड्रामा स्कूलच्या ऑडिशनची वाट वेगळी.

"ऑक्सफर्ड का नाही?" असं नातेवाईक विचारतातच. तिथे थिएटरची पदवी नाही. विद्यार्थ्यांची नाट्यसंस्था मात्र १८८५ पासूनची आहे, म्हणजे नाटक अभ्यास सांभाळून करायचं.

पैशाचं. १६-१७ वर्षांच्या मुलांना सवलतीचं कार्ड काढलंत तर रेल्वेचं तिकीट अर्ध्यात पडतं. मी ते दुसऱ्या प्रवासानंतर काढलं, माझी मूर्खता. इंग्लंडमधल्या मुलांना २०२५-२६ ची वर्षाची फी ९,५३५ पौंड होती. पण तुम्ही कामाच्या व्हिसावर असाल तर तीन वर्षं राहून भागत नाही, बहुतेक वेळा कायम वास्तव्याचा परवानाही लागतो. नाहीतर फी दुपटीहून जास्त. हे ओपन डेच्या आधी तपासा, पोराचं मन बसल्यावर नको.

प्रवेशाच्या एकाच फॉर्ममध्ये पाच विद्यापीठं भरता येतात आणि त्यात पहिलं-दुसरं असं काही नसतं. तरी लेकीने सगळ्यात आधी वॉरिक टाईप केलं. मी काही बोलले नाही. ऑफर आली तर वसंतात परत बोलावतील. कॉव्हेंट्रीच्या गाडीच्या वेळा मी फ्रिजवर लावून ठेवल्या आहेत.