लाकडी लेथ, नोंद ४: बेअरिंगच्या मागे लागलो, निघाली फळी

मागच्या नोंदीत लेथच्या शाफ्टची कंपनसंख्या (टोला दिला की तो सेकंदाला किती वेळा थरथरतो) कॉम्प्युटर मॉडेलवर ७२० हर्ट्झ आली होती, ती विसरा. वेंगुर्ल्यात पाऊस लागलाय, लाईट जायच्या आत जेवढं होईल तेवढं करतोय.

शाफ्ट २५ मिमीचा, ६२०५ नंबरच्या दोन बॉल बेअरिंगांमध्ये अंतर ४०० मिमी. चूक अशी, की मॉडेलमध्ये बेअरिंगच्या जागचा शाफ्टचा पृष्ठभाग मी सरळ फिक्स, म्हणजे अजिबात न हलणारा, केला होता. मग टोकं नुसती टेकत नाहीत, आवळली जातात. खरं बॉल बेअरिंग शाफ्टला तेवढा किंचित कल खुशाल देतं. आता बेअरिंग बसतं त्या जागेवरचे सगळे नोड (मॉडेलच्या जाळीचे बिंदू) कपलिंगने, म्हणजे एकत्र हलतील असे, मधल्या एका नोडला बांधले, आणि तो नोड उभ्या-आडव्या दोन स्प्रिंगांवर ठेवला. कल मोकळा. अक्षाच्या दिशेने एकच बेअरिंग अडवलं. रन केलं तर पहिलंच उत्तर ० हर्ट्झ! घाबरलो, पण शाफ्ट स्वतःभोवती गरगरत होता, एवढंच.

स्प्रिंगचा आकडा काढण्यात तीन रात्री गेल्या. बॉल बेअरिंग भाराच्या प्रमाणात दबत नाही. भार आठपट केला तर ताठरपणा (एक मिमी दाबायला किती बळ लागेल तो आकडा) फक्त दुप्पट होतो. पट्ट्याच्या ताणाचे बेअरिंगमागे ५०० न्यूटन धरले. ९ बॉल, ७.९४ मिमीचे. नेहमीच्या ठोकताळ्याने सगळ्यात दबलेल्या बॉलवर ५ × भार ÷ बॉलची संख्या, म्हणजे ५ × ५०० ÷ ९, म्हणजे २७८ न्यूटन. दबणं ९ मायक्रॉनच्या जरा वर, त्या भाराजवळ ताठरपणा ८०,००० न्यूटन प्रति मिमीच्या आसपास. मॉडेलने दिले ३१२ हर्ट्झ. टोकं नुसती टेकलेली धरून कागदावर ३१७ येतात. ताठरपणाचा आकडा दुप्पट करून पाहिला, दोन-तीन हर्ट्झ वाढले. यासाठी जागरण!

मग पुली-पट्टा काढून शाफ्टवर हातोडीचा हलका टोला दिला आणि फोनवर स्पेक्ट्रम (आवाजात कुठली कंपनं किती, त्याचा आलेख) बघितला: २५५ हर्ट्झ. पट्टा नसला की भार जातो, बेअरिंग मऊ पडतं, हे खरं. पण नुसत्या शाफ्टच्या वजनावर ताठरपणा २०,००० धरला तरी मॉडेल ३०० च्या आसपासच राहिलं.

ट्रॉलरची इंजिनं बघणारे शेजारचे तात्या हे सगळं बघत होते. बेअरिंगच्या हाऊसिंगखालच्या (बेअरिंग बसवलेल्या खोक्याखालच्या) फणसाच्या फळीवर तळवा ठेवून म्हणाले, "अरे, शाफ्ट नाय, फळी हलता ती बघ."

मॉडेलमध्ये बेअरिंगच्या स्प्रिंगखाली फळीची दुसरी स्प्रिंग घातली. २५५ जुळवायला ती साडेसहा हजार न्यूटन प्रति मिमीची, म्हणजे बेअरिंगपेक्षा बरीच मऊ, धरावी लागली. फळीखाली लोखंडी चॅनेल टाकणार आहे, पण वेल्डर गणपतीपर्यंत मोकळा नाही.