भजन सोवळं, लावणी ओवळी?

गणपती जवळ आले की नागपुरातल्या मंडळांच्या बैठकीत एक वाद हमखास निघतो. कार्यक्रम कोणता ठेवायचा? अभंगवाणी म्हटलं की सगळ्यांच्या माना डोलतात. लावणी किंवा खडी गंमत (पूर्व विदर्भातलं लोकनाट्य) म्हटली की कोणीतरी बोलतंच, "आयाबहिणी बसतात, असलं कायले ठेवता बापा?" गाण्याचा प्रकार सांगितला की त्याची नीतीही कळली, असं यात धरून चाललेलं असतं. मला हे अजिबात पटत नाही. चांगलं-वाईट जे काही असतं ते गाण्याच्या शब्दांत, कलाकाराच्या बिदागीत आणि भोंग्याच्या आवाजात असतं. ते कार्यक्रमाआधी तपासताही येतं.

आधी वाद्यं बघू. पखवाजाची पुडी बकऱ्याच्या कातड्याची. उजव्या पुडीवर शाई, म्हणजे काळा लेप असतो, डाव्या पुडीला वाजवण्याआधी ओली कणीक थापतात. ढोलकीलाही उजवीकडे शाईच, फक्त डाव्या पानाला आतून मसाला लावतात आणि त्याने घुमारा येतो. डफडं म्हणजे एक कडं आणि त्यावर ताणलेलं कातडं. हवेत ओल असली की कातडं सैल पडून आवाज बसतो, म्हणून काड्या-कागद पेटवून ते शेकतात. घाई करून जाळाच्या फार जवळ नेलं तर कातडं तडकतं आणि त्या दिवसाचं काम बुडतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या हातातली खंजिरीही याच कुळातली: कडं, कातडं, झांजा. तरी पखवाज देवळाच्या गाभाऱ्यासमोर वाजतो आणि डफडं वाजवणाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या मांडवाबाहेर उभं केलं गेलं. लग्नाला डफडं हवं, वाजवणारा माणूस नको. फरक कातड्यात नव्हता, वाजवणाऱ्या हातांच्या जातीत होता. "हलकं संगीत" हा शब्द आपण वापरतो तेव्हा त्यात हा हिशेब किती मिसळलेला असतो, हे एकदा प्रामाणिकपणे तपासायला हवं.

तालाचंही तेच. केरवा आठ मात्रांचा: धा गे ना ती, न क धि न. भजन, लावणी, सिनेमाचं गाणं, भीमगीत, सगळ्यांना तो चालतो. भैरवीत कीर्तनाचा शेवट होतो आणि ठुमरीही रंगते. शब्द काढून नुसती चाल गुणगुणली तर ती सात्त्विक की चावट, हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. म्हणूनच भजनी मंडळं सिनेमाच्या चालीवर खुशाल भजनं बसवतात.

म्हणजे शब्दांकडे जायला हवं. कार्यक्रमात म्हटली जाणारी गाणी कागदावर पूर्ण उतरवून घ्या आणि चाल बाजूला ठेवून गद्यासारखी वाचा. ध्रुवपदावरून निकाल देऊ नका, चूक बहुतेकदा तिथेच होते. नको ते तिसऱ्या कडव्यात सापडतं. वाचताना तीन गोष्टी पाहायच्या: बोलतं कोण, समोरच्याला "नाही" म्हणायची जागा आहे का, आणि हसू कोणावर आहे.

या कसोटीवर निकाल चमत्कारिक लागतात. गवळणीत कृष्ण मथुरेच्या वाटेवर गौळणीला अडवतो, माठ फोडतो. कोरडेपणाने वाचलं तर एका मुलीची वाट अडवण्याची ही गोष्ट आहे. भक्तिपरंपरा तिचा वेगळा अर्थ लावते आणि तो अर्थ मला मान्य आहे. पण अर्थ लावण्याची हीच सवलत लावणीला का मिळत नाही? ख्यालाच्या बंदिशीही घ्या. कितीतरी बंदिशी सासू, नणंद आणि सवत यांच्या तक्रारींवरच उभ्या आहेत, तरी ते शास्त्रीय म्हणून घरंदाज. शृंगारिक लावणीत मात्र बाई स्वतः बोलते, मागते, टोमणा मारते, झिडकारते. अर्थात ती बाई बहुधा पुरुष शाहिराने लिहिलेली असते, हेही विसरायचं नाही. आजच्या मिरवणुकीतल्या कित्येक गाण्यांत बाई बोलतच नाही, तिच्याकडे फक्त बोट दाखवलेलं असतं. माझ्या लेखी हे जास्त आक्षेपार्ह, मग त्यात एकही शिवराळ शब्द नसला तरी.

एकाच साच्यात दोन्ही मावतं, याचे पुरावे जुने आहेत. सोलापूरच्या राम जोशींनी पेशवाईच्या उत्तरकाळात शृंगारिक लावण्याही लिहिल्या आणि ढोंगी साधूंना झोडपणाऱ्या उपदेशपर रचनाही. त्याआधी एकनाथांनी गोंधळी, वासुदेव, जोगवा मागणारी अशी गावातली सोंगं घेऊन भारुडं रचली. आणि नागपूरकरांना तर लांब जायलाच नको. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर जे घडलं, ते घरोघर पोचवण्यात भीमगीतांचा वाटा मोठा आहे. त्यासाठी गायकांनी दर्ग्यातल्या कव्वालीचा साचा बिनदिक्कत उचलला: मुख्य गायक, मागे कोरस, टाळ्या, सवाल-जवाब. शिका, व्यसन सोडा, कोणापुढे वाकू नका, हे सांगायला तो साचा फार उपयोगी पडला.

खडी गंमतीत मात्र कागदाची कसोटी अपुरी पडते. भंडारा-गोंदियाकडची ही गंमत बरीचशी उभ्या उभ्या रचली जाते. एकाच रात्री व्यसनमुक्तीचा उपदेश आणि द्वयर्थी विनोद, दोन्ही ऐकायला मिळतात. म्हणून पार्टी, म्हणजे गंमत करणारा संच, ठरवण्याआधी तिचा एक प्रयोग शेवटपर्यंत बघावा. पहिला तास बघून परतलेल्याला काहीच कळत नाही, कारण विनोद मध्यरात्रीनंतर सैल होतो. हसू सावकारावर, पुढाऱ्यावर असेल तर खुशाल बोलवा. बायकोच्या काळ्या रंगावर, लंगड्या माणसावर असेल तर पार्टीच्या प्रमुखाशी आधीच स्पष्ट बोला.

सरसकट बंदीचं काय होतं, ते आकाशवाणीने दाखवलंय. 1952 मध्ये बा. वि. केसकर माहिती खात्याचे मंत्री झाले, त्यांनी शास्त्रीय संगीतावर भर दिला आणि रेडिओवरून सिनेसंगीत जवळजवळ गेलं. लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू करावी लागली. शास्त्रीय संगीत त्या पाच वर्षांत कोणाच्या गळी उतरलं नाही.

आता पैसा. करारात एकूण रकमेबरोबर प्रत्येक कलाकाराच्या हातात किती पडणार, हेही लिहून घ्या. मधला ठेकेदार रक्कम घेतो आणि नाचणारीला सगळ्यात कमी मिळतं, हा नेहमीचा घोटाळा. आगाऊ रक्कम, येण्याजाण्याचा खर्च, जेवण, आणि आतून कडी लागणारी कपडे बदलायची खोली, हे सगळं कागदावर हवं. दौलतजादा (प्रेक्षकांनी कलाकारांना दिलेले बक्षिसाचे पैसे) होणार असेल तर ती कोणाची, हेही आधी ठरवा. प्रेक्षकाने मंचावर चढायचं नाही, एवढी अट घातली की अर्धी घाण आपोआप टळते. आणि भजनी मंडळीला "सेवा" म्हणून फुकट गायला लावणारे स्वतःला नीतिमान समजतात, त्यांनाही विचारावं: तबलजीचं घर कशावर चालतं?

उरला आवाज. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा. भोंग्यासाठी सार्वजनिक जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा 10 जास्त किंवा 75, यांपैकी जे कमी ते धरायचं. मंडळं 75 धरून बसतात आणि इथेच चुकतात. वस्तीत दिवसा तो आकडा 65 होतो. रुग्णालयाभोवती किमान 100 मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतं, आणि तसं जाहीर झालं असेल तर धंतोलीसारख्या दवाखान्यांनी भरलेल्या भागात अभंगालाही तीच आडकाठी.

मोठ्या भिंतीसारखे स्पीकर एका जागी रचले की आवाज हाताबाहेर जातो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की पातळी साधारण 6 डेसिबलने उतरते. 10 मीटरवर 90 असेल तर 40 मीटरवर 78. शेवटच्या रांगेसाठी आवाज वाढवला की पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या कानाशी आणि शेजारच्या पाळण्याशी खेळ होतो. त्यापेक्षा चार लहान बॉक्स रांगांच्या कडेने पुढे-मागे लावा, तोंडं घरांकडे न करता श्रोत्यांकडे आणि किंचित खाली झुकवा, दणदणाटाचा सब-वूफर काढून टाका. मग मोबाइलवरचं मोजणीचं ॲप घेऊन हद्दीवरच्या शेवटच्या घराच्या खिडकीखाली उभं राहा. ॲपचा आकडा अंदाजाचा असतो, त्यामुळे मर्यादेच्या पाच खालीच थांबा.