बाम्बेर्गची धुराची बिअर

जर्मनीत न्यूर्नबर्गला आल्यापासून जवळच्या बाम्बेर्गला जायचं मनात होतं, पण जायचं ते बिअरसाठीच. घाईघाईत चर्च बघून फोटो काढून परतायचं नव्हतं. एर्लांगनला शिकणारा माझा अमळनेरचा मित्र लगेच तयार झाला. शनिवारी सकाळची गाडी पकडली आणि तासाभरात पोचलो.

गावाची वस्ती 80 हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या भुसावळच्या निम्मीही नाही. रेग्नित्स नदीच्या मधोमध जुनं नगरभवन उभं आहे. जुनं गाव 1993 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. आणि एवढ्याशा गावात स्वतःची बिअर बनवणारी दहाएक घराणी आहेत. पुढे पब, मागच्या अंगणात ब्रुअरी. सकाळी पिंपात भरलेली बिअर दुपारी त्याच भिंतीपलीकडे प्यायला मिळते.

स्टेशनवरून चालत निघालं की केनिगश्ट्रासे या रस्त्यावर पहिली दोन ठिकाणं लागतात, अगदी समोरासमोर. श्पेत्सियाल 1536 पासूनचं, फेस्ला 1649 पासूनचं. आम्ही आधी श्पेत्सियालमध्ये शिरलो. लाकडी बाकं, लांब टेबलं, आधीच बसलेल्या दोन आजोबांनी सरकून जागा दिली. इथे अनोळखी माणसांच्या टेबलावर बसायची रीतच आहे, फक्त विचारून बसायचं. दोघांत एकच ग्लास घ्यायचा, हे आम्ही गाडीतच ठरवलं होतं. दिवसभर चव कळत राहायची असेल तर दुसरा उपाय नाही, आणि कुणी नाक मुरडत नाही.

श्पेत्सियालची लागर बिअर तांबूस, हलकी. पहिल्या घोटात काहीच वेगळं वाटलं नाही. घोट गिळल्यावर मात्र घशाच्या मागून धूर वर आला. मित्राने ग्लास नाकाशी नेला, परत नेला, आणि म्हणाला, "ह्याले ते भरीतना वास येस भो!"

खरंच तसाच. माझं गाव यावलकडचं. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजताना हाताला, कपड्यांना, केसांना जो वास दोन दिवस चिकटून राहतो, तो या ग्लासात होता.

हा धूर वरून घातलेला नसतो. बिअरसाठी जव भिजवतात, मोड आणतात आणि मग वाळवतात. या वाळवण्यातच सगळं आहे. पूर्वी बहुतेक ठिकाणी हे काम लाकडाच्या जाळावर व्हायचं, त्यामुळे बहुतेक बिअरला कमी-जास्त धुराची चव असणारच. 17व्या शतकात इंग्लंडमध्ये कोळशापासून केलेला कोक वापरायला लागले, पुढे नुसत्या गरम हवेच्या भट्ट्या आल्या आणि धूर बिअरमधून निघून गेला. त्यात सोय होती, पैसा वाचत होता आणि पिणाऱ्यांनाही ती स्वच्छ चव आवडली. बाम्बेर्गमध्ये श्पेत्सियाल आणि श्लेंकर्ला या दोन घरांनी मात्र जव वाळवायची भट्टी स्वतःकडे ठेवली आणि तिच्याखाली बीच या झाडाचं लाकूडच जाळत राहिले. मला या दोघांबद्दल मनापासून आदर वाटतो. शेकडो वर्षं रोज थोडी जास्त मेहनत करायची, तीही एका वासासाठी, हे सोपं नाही.

फेस्लामध्ये दारातल्या बोळातच उभ्याने प्यायची सोय आहे. बिअर चांगली, साधी. पण आमचं लक्ष पुलापलीकडे होतं.

श्लेंकर्ला गल्लीत शिरण्याआधीच कळतं, कारण लोक ग्लास घेऊन रस्त्यावर उभे असतात. 1405 सालच्या कागदपत्रात या घराचा उल्लेख आहे. आत छत बुटकं, तुळया काळ्या. बिअर लाकडी पिंपातून, कुठलाही गॅस न लावता, नुसती तोटी सोडून ओततात. त्यांची मेर्त्सन नावाची बिअर जवळजवळ काळी, उजेडाकडे धरली की कडेला लालसर. फेस बदामी. आणि धूर? श्पेत्सियालमध्ये तो मागून आला होता, इथे तो ग्लास तोंडाला लागायच्या आधीच समोर उभा राहतो. जर्मनांना यात धुरावलेल्या मांसाचा वास येतो, आणि पहिल्यांदा पिणारे बरेच जण ग्लास अर्धा सोडतात. गावकरी म्हणतात, घाई करू नका, तिसऱ्या ग्लासापर्यंत थांबा. आम्हाला थांबावं लागलं नाही. मित्राने डुकराचा खिमा भरून शिजवलेला कांदा मागवला, मी ओबात्स्दा म्हणजे चीज-लोण्याचा मसालेदार गोळा आणि राईचा काळा पाव. तो पाव आणि ती बिअर एकत्र इतकी जमली की नंतर बराच वेळ कुणी बोललं नाही.

त्यांची एक फिकी बिअरही आहे. तिच्यात धुरावलेले जव वापरत नाहीत, तरी त्याच भांड्यांतून आणि त्याच यीस्टमुळे थोडासा धूर तिच्यातही उतरतो.

संध्याकाळी वुंडरबुर्ग भागात माहर्स आणि केसमान या आणखी दोन ब्रुअऱ्या पाहिल्या. केसमानची पिल्सनर बिअर कडवट, स्वच्छ, दिवसभराच्या धुरानंतर फार बरी वाटली.

परतीच्या गाडीत भरिताचाच विषय. आपल्या जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंदच आहे. पण मानांकन वांग्याला आहे, जाळाला नाही. गॅसवर भाजलेलं तेच वांगं बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात ठेचलं, त्यात तीच मिरची, तीच कांद्याची पात घातली, तरी ते भरीत होत नाही, हे आपल्याकडे कुणालाही विचारा. पऱ्हाट्या आता शेतातच यंत्राने बारीक करतात, शहरात तर त्या मिळतही नाहीत. जाळ सोडला की चव किती मुकाट्याने जाते, हे बाकीच्या जगातल्या बिअरकडे बघून कळतंच.

ऑक्टोबरात श्लेंकर्लाची उरबॉक नावाची बिअर येते, जास्त कडक आणि जास्त धुराची. तेव्हा परत जायचं आहे. बीचची लाकडं इथे दुकानात पोत्यात बांधून मिळतात, आणि मित्राच्या घरमालकाने अंगण वापरायला दिलंय. वांगी इथली बारकी आणि जाड सालीची आहेत. बीचच्या जाळावर ती किती वेळ ठेवायची, हे घरच्या कुणा जाणत्या बाईला विचारून कळवा.