लंबकाचा सोळावा हिस्सा

लंबकाचा दोलनकाल (एका पूर्ण ये-जा झोक्याचा वेळ) आयामावर, म्हणजे मधल्या स्थितीपासून झोका किती कोनापर्यंत जातो यावर, अवलंबून नसतो, हे शाळेतलं वाक्य भिंतीवरचं घड्याळ रोज थोडं थोडं खोटं पाडतं. गोळ्याला मागे खेचणारं बल कोनाच्या नव्हे, कोनाच्या साइनच्या प्रमाणात असतं. म्हणून आयाम रेडियनमध्ये मोजावा, त्याचा वर्ग करून सोळाने भागावा. दोलनकाल साधारण तेवढ्या हिश्शाने वाढलेला असतो. दोन सेकंदांचा, म्हणजे सुमारे ९९.४ सेंटिमीटरचा लंबक ३ अंश झुलला, तर यामुळे दिवसाला पंधराएक सेकंद जातात. २ अंशांवर साडेसहा. तेल सुकलं, झोका एका अंशाने आखडला की घड्याळ आठेक सेकंद पुढे! थकल्यावर मागे पडायचं सोडून पुढे पळणारं यंत्र विरळाच.

हा सोळा काढायला बसलं की गंमत होते. साइनच्या विस्तारातलं कोनाच्या घनाचं पद छोटं म्हणून उत्तरात नुसती दुरुस्ती जोडत गेलं, तर त्या दुरुस्तीत काळ गुणक होऊन बसतो आणि ती वाढतच राहते. याच लंबकाच्या ०.१ रेडियनच्या झोक्याला साडेआठ मिनिटांत दुरुस्ती मूळ झोक्याएवढी होते! लंबक बिचारा होता तसाच झुलत असतो. बिघडलेलं असतं आपलं गणित. लिंडस्टेट आणि प्वाँकारे या गणितज्ञांचा उपाय असा, की कोनाबरोबर वारंवारताही अज्ञात मानायची आणि ते वाढतं पद शून्य होईल अशी ती निवडायची. सोळा तिथून येतो.

पण खरं घड्याळ नुसता लंबक नाही. घर्षण दर झोक्याला ऊर्जा खातं, साधारण आयामाच्या वर्गाच्या प्रमाणात. दातेरी चाक दर टिकेला जवळपास ठरलेला धक्का देतं. झोका मोठा झाला तर खर्च जास्त, लहान झाला तर जमा जास्त, म्हणून तो एका ठरावीक आयामावर येऊन स्थिरावतो. कोन आडव्या अक्षावर आणि वेग उभ्या अक्षावर मांडला तर ही एकच बंद वाट दिसते, आजूबाजूच्या वाटा तिच्याकडे वळतात. अशा वाटांना प्वाँकारेने सीमाचक्रं म्हटलं; ती स्वतःच टिकून राहणाऱ्या दोलनांना लागू पडतात, हे सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ आंद्रोनोव्हने १९२९ मध्ये दाखवलं. झोका चाकाचा दात सुटण्याइतका मोठा नसेल तर मात्र घड्याळ बंद पडतं. म्हणून चावी भरूनही लंबकाला हाताने ढकलावं लागतं.

गोळ्याखालची चकती फिरवण्याआधी एवढं ध्यानात ठेवावं. दोन सेकंदांच्या लंबकाचा गोळा १ मिलिमीटर वर गेला की दिवसाला ४३ सेकंद पुढे, आणि स्प्रिंगच्या घड्याळात चावी ताजी असताना झोका वेगळा, सातव्या दिवशी वेगळा. तपासणी दर वेळी चावीनंतरच्या त्याच दिवशी करावी.