ऑपरेशन हर्नियाचं, मग तोंड कशाला बघता?

मी भूल देणारी डॉक्टर. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटला तपासायला गेले की हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

पूर्ण भूल दिली की स्नायू सैल पडतात आणि तुमचा श्वास थांबतो. मग श्वासनळीत ट्यूब घालून तो आम्ही चालू ठेवतो. ती बसेपर्यंत हाताशी असतात मोजकी मिनिटं. पेशंट खूप स्थूल किंवा गरोदर असेल तर आणखी कमी. अडचण तेव्हा कळून भागत नाही.

म्हणून समोर बसवून तोंड पूर्ण उघडायला आणि जीभ बाहेर काढायला सांगते. ‘आ’ मात्र करायचं नाही. आवाज काढला की टाळू वर जाऊन घसा आहे त्यापेक्षा मोकळा वाटतो. पडजीभ अख्खी दिसली तर बरं. टाळूचा पुढचा कडक भागच दिसला तर मी सावध होते. भारतात जन्मलेले आणि अमेरिकेत काम केलेले भूलतज्ज्ञ मल्लमपती यांनी १९८५ मध्ये मांडलेली ही तपासणी आज जगभर करतात. शिवाय मान मागे किती जाते, हनुवटी आणि कंठमणी यांत किती अंतर आहे, तेही बघते.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती सुपारी-गुटख्याने आवळलेल्या तोंडाची. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी अशी तोंडं येतातच. तरणाताठा मुलगा, गाल आतून पांढरट, बोट फिरवलं तर दोरीसारखे ताठ पट्टे लागतात. स्वतःची तीन बोटं उभी आत जायला हवीत, तिथे दोनही जात नाहीत. आईवडिलांसमोर तो ‘काही खात नाही’ म्हणतो. मी त्यांना बाहेर थांबायला सांगून पुन्हा विचारते. रागवायला नाही, अशा वेळी घसा बधिर करून, पेशंट जागा असतानाच, नाकातून लवचीक दुर्बिणीने ट्यूब घालावी लागते आणि ती तयारी आधी हवी.

या तपासण्या शंभर टक्के खऱ्या ठरत नाहीत. सगळं ठीक दिसूनही आत स्वरयंत्र दिसत नाही, असं होतं. म्हणून कॅमेऱ्याचा लॅरिंगोस्कोप (स्वरयंत्र बघायचं उपकरण) आणि मदतीला दुसरं माणूस मी जवळ ठेवतेच.

हलणारा दात, कवळी, झोपेत घोरताना श्वास अडकणं, हे लपवू नका. आणि मागच्या ऑपरेशनला ‘नळी घालायला त्रास झाला’ असं कुणी म्हणालं असेल, तर ते सगळ्यात आधी सांगा. जुनं डिस्चार्ज कार्ड घरी असेल तर सोबत आणा.